ग्रुपची यादी कुणाला विचारायची?

सिस्टिम प्रोग्रॅमिंग करताना ‘हा युजर कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे?’ हा प्रश्न इतक्या सहजपणे समोर येतो, की त्याचे उत्तर देणारे एकच फंक्शन असणार असे कुणालाही वाटावे. प्रत्यक्षात लायनक्सवर, आणि थोड्याफार फरकाने युनिक्सच्या कुळातल्या सगळ्याच प्रणालींवर, या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न असतात. खात्यांच्या नोंदींमध्ये या नावाच्या युजरची आज कोणत्या ग्रुपांत नोंद आहे, हा पहिला. आत्ता चालू असलेल्या या विशिष्ट प्रोसेसला कर्नल (प्रणालीचा गाभा) कोणत्या ग्रुपांची सदस्य मानतो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सी लायब्ररी फाइली वाचून किंवा डिरेक्टरी सर्व्हरला (संस्थेतल्या सगळ्या खात्यांची मध्यवर्ती नोंद ठेवणारा सर्व्हर) विचारून तयार करते. दुसऱ्याचे उत्तर कर्नलच्या स्मृतीत आधीपासून तयार असते. या दोन याद्या बहुतेक वेळा सारख्याच निघतात आणि म्हणूनच त्यांची गल्लत चाचण्यांमध्ये सापडत नाही.

फरक पाहायचा असेल तर टर्मिनलवर दोन मिनिटांत पाहता येतो. मीरा नावाच्या खात्याने लॉगिन करून ठेवावे आणि दुसऱ्या खिडकीत रूट होऊन ‘यूजरमॉड’ने तिला ‘संपादक’ या ग्रुपमध्ये घालावे. (यूजरमॉडला कॅपिटल ‘जी’ हा पर्याय देताना सोबत ‘ए’ द्यायला विसरू नये, तो नसेल तर नवा ग्रुप जोडला जात नाही, दिलेली यादीच जुन्या यादीची जागा घेते.) आता मीराच्या जुन्या टर्मिनलमध्ये नुसती ‘आयडी’ ही आज्ञा दिली तर ‘संपादक’ दिसत नाही, आणि त्याच टर्मिनलमध्ये ‘आयडी मीरा’ असे लिहिले तर दिसतो. आज्ञा तीच, माणूस तोच, क्षणही तोच. नाव न देता चालवलेली आयडी कर्नलला स्वतःच्या प्रोसेसविषयी विचारते, नाव दिल्यावर ती खात्यांच्या नोंदी धुंडाळते. संपादकांच्या डिरेक्टरीत फाइल लिहिता येईल की नाही हे मात्र कर्नलच्या उत्तरावर ठरते, नोंदींच्या नाही.

याचे कारण प्रोसेसला ग्रुप कसे मिळतात यात आहे. लॉगिन करून देणारा प्रोग्रॅम त्या क्षणी नोंदी वाचतो, मिळालेली यादी कर्नलच्या हवाली करतो, आणि तिथून पुढे ती यादी फोर्क (प्रोसेसची प्रत काढणे) आणि एक्झेक (तिच्यात नवा प्रोग्रॅम चालू करणे) यांमधून मुलाबाळांकडे वारशाने जाते. कर्नलला ग्रुपची नावे ठाऊक नसतात, ग्रुप फाइल कुठे आहे हेही ठाऊक नसते. त्याच्याजवळ असतात ते फक्त जीआयडी म्हणून ओळखले जाणारे आकडे. नोंद बदलली म्हणून कुणी कर्नलला कळवत नाही. त्यामुळे ‘मला ग्रुपमध्ये घातले, तरी परवानगी नाकारली जाते’ या तक्रारीवर ‘लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा’ असे उत्तर दिले जाते आणि ते बरोबर असते. अलीकडच्या डेस्कटॉपांवर तेवढेही नेहमी पुरत नाही, कारण सिस्टिमडीचा (लायनक्सवर सेवा सुरू करणारी प्रणाली) प्रत्येक युजरसाठीचा मॅनेजर लॉगआउटनंतरही चालू राहू शकतो, आणि त्याच्यामार्फत सुरू झालेले टर्मिनल त्याच्याकडची जुनीच यादी घेऊन जन्माला येते.

आधी नोंदींची बाजू पाहू, कारण खाचखळगे तिथेच अधिक आहेत. पारंपरिक व्यवस्थेत युजरचा प्रायमरी ग्रुप इटीसीमधल्या पासवर्ड फाइलीत असतो आणि बाकीचे, म्हणजे सप्लिमेंटरी ग्रुप, ग्रुप फाइलीत असतात. ग्रुप फाइलीतली ओळ चार रकान्यांची असते : नाव, पासवर्डची जागा, जीआयडी आणि स्वल्पविरामांनी वेगळी केलेली सदस्यांची नावे. म्हणजे

संपादक:क्ष:२००५:केदार,मीरा
मीरा:क्ष:१००१:

अशा दोन ओळी तिथे सापडतील. दुसऱ्या ओळीतला सदस्यांचा रकाना रिकामा आहे, आणि तरीही मीरा त्या ग्रुपची सदस्य आहे, कारण १००१ हा तिचा प्रायमरी ग्रुप असल्याचे पासवर्ड फाइलीतल्या तिच्या ओळीत लिहिलेले आहे. ग्रुप फाइल उघडून नाव शोधणारा जो कोड हौसेने लिहिला जातो, तो पहिला मार इथेच खातो. थोडा अधिक विचार करणारे लोक फाइल थेट न वाचता गेटजीआरईएनटी हे फंक्शन वापरून सगळे ग्रुप एकामागून एक फिरवतात आणि प्रत्येकाच्या सदस्यांत नाव शोधतात. हा मार्ग दिसायला सभ्य आहे, पण मोठ्या संस्थेत तो एक तर अतिशय हळू चालतो किंवा मुळीच चालत नाही. एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी अशा डिरेक्टरी सर्व्हरांशी जोडणारा एसएसएसडी हा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगमध्ये सगळ्या नोंदी ओळीने देण्यास नकारच देतो. त्या डिरेक्टरीतले ग्रुप त्या फेरीत दिसतच नाहीत आणि कुठे चूक झाली याचा संदेशही येत नाही. शिवाय सदस्यांची नावे अक्षर-अक्षर जुळवून पाहणे हेही धोक्याचे आहे, कारण ॲक्टिव्ह डिरेक्टरी नावांमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद करत नाही आणि आपली स्ट्रिंग तुलना तो करते.

एखाद्या ठराविक ग्रुपची नोंद गेटजीआरनॅमने काढून तिच्या सदस्यांत नाव पाहणे हा आणखी एक प्रचलित उपाय आहे. त्यातही प्रायमरी ग्रुपचा तोच प्रश्न राहतो, आणि एक नवा येतो. एकाच नावाचा ग्रुप स्थानिक फाइलीतही असेल आणि डिरेक्टरीतही असेल, तर हे फंक्शन पहिल्या ठिकाणी सापडलेली नोंद देऊन थांबते. ग्लिबसी या लायनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या २.२४ या आवृत्तीपासून दोन्ही ठिकाणचे सदस्य एकत्र करण्याची सोय एनएसस्विच फाइलीत (कोणत्या नोंदी कुठल्या स्रोतातून घ्यायच्या हे सांगणारी फाइल) करता येते, पण ती मुद्दाम लिहावी लागते आणि फारशी कुणी लिहीत नाही.

म्हणून नावावरून ग्रुप शोधायचे असतील तर गेटग्रुपलिस्ट हेच फंक्शन वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते उलट दिशेने विचारते. ‘या ग्रुपमध्ये कोण आहे?’ असे न विचारता ‘या युजरचे ग्रुप कोणते?’ असे ते विचारते, आणि डिरेक्टरी सर्व्हर या दिशेच्या प्रश्नाचे उत्तर एका फेरीत देऊ शकतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतले ग्रुपच्या आतले ग्रुपही मधला डेमन सोडवून देतो, जे आपण स्वतः सोडवायला बसलो तर चक्राकार सदस्यत्वांपासून सगळेच सांभाळावे लागेल. ग्लिबसीत आणखी एक बारकावा आहे. एनएसस्विच फाइलीत इनिटग्रुप्स नावाची वेगळी ओळ नसेल, तर हे फंक्शन ग्रुपच्या ओळीतले सगळे स्रोत क्रमाने विचारते, पहिल्याने उत्तर दिले म्हणून थांबत नाही. ती ओळ असेल तर मात्र पहिल्या यशस्वी स्रोतावर थांबणे हा तिचा मूळ स्वभाव आहे. कुणीतरी कामगिरी सुधारण्यासाठी ती एक ओळ लिहिते आणि लोकांचे अर्धे ग्रुप नाहीसे होतात, तेव्हा कारण शोधणाऱ्याने ही फाइल सर्वांत आधी उघडावी.

गेटग्रुपलिस्टची हाताळणी सोपी दिसते तितकी नाही. त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात : युजरचे नाव, एक जीआयडी, उत्तरासाठी ॲरे, आणि त्या ॲरेत किती जागा आहे हे सांगणाऱ्या इंटिजरचा पॉइंटर. दुसरी गोष्ट पुष्कळांना बुचकळ्यात टाकते. प्रायमरी ग्रुप कोणता हे फंक्शन स्वतः शोधत नाही. आपण गेटपीडब्ल्यूनॅमने आधी तो शोधून द्यायचा असतो, आणि आपण जो आकडा देऊ तो ते निमूटपणे उत्तरात घालते. नाव अस्तित्वात आहे की नाही हेही ते तपासत नाही. काल्पनिक नाव दिले तरी आपणच दिलेला एक जीआयडी परत करून ते यश कळवते. त्यामुळे आधीची पासवर्ड-नोंदीची पायरी केवळ प्रायमरी ग्रुपसाठी आवश्यक आहे असे नाही, खाते खरे आहे याची खात्री तिथेच होते. ती पायरी थ्रेडसुरक्षित रूपात करताना ‘नोंद नाही’ आणि ‘शोधताना त्रुटी आली’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात : फंक्शनने शून्य परत केले आणि निकालाचा पॉइंटर नल असला तर नोंद नाही, शून्याखेरीज काही परत आले तर तो त्रुटीचा क्रमांक आहे, आणि तो ईरेंज असेल तर बफर अपुरा पडला एवढाच त्याचा अर्थ. सिसकॉन्फ जो बफरचा आकार सुचवते तो सुरुवातीपुरता अंदाज असतो, आणि काही ठिकाणी तो उणे एक असाही येतो.

यादीची जागा अपुरी पडली तर गेटग्रुपलिस्ट उणे एक परत करते. ग्लिबसीत त्याच वेळी चौथ्या पॉइंटरमध्ये खरी गरज किती जागांची आहे तो आकडा भरला जातो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ‘एकदा विचारा, जागा घ्या, पुन्हा विचारा’ असा दोन पायऱ्यांचा कोड दिसतो. त्यात दोन दोष आहेत. पहिला असा की दोन कॉलांच्या मधल्या काळात कुणी त्या युजरला आणखी एका ग्रुपमध्ये घातले तर दुसरा कॉलही अपयशी होतो, म्हणून दोन पायऱ्यांऐवजी लूप हवा. दुसरा असा की गरजेचा आकडा भरण्याची ही वागणूक सगळीकडे नाही. मॅकओएसवर अपयशानंतरही तो आकडा जुनाच राहू शकतो, आणि त्याच्या भरवशावर लिहिलेला लूप अनंत काळ फिरत राहतो. पायथनच्या मूळ लायब्ररीतला कोड यावर नेमका तोडगा काढतो : अपयशानंतर आकडा वाढलेला दिसला तर तो मानायचा, नाही तर जागा दुप्पट करून पुन्हा प्रयत्न करायचा. मी हीच पद्धत वापरतो. यश मोजण्याची रीतही वेगळी आहे. ग्लिबसी ग्रुपांची संख्या परत करते, तर फ्रीबीएसडी शून्य परत करते. तेव्हा परतीच्या मूल्यात फक्त ‘उणे एक आहे की नाही’ एवढेच पाहावे आणि संख्या चौथ्या पॉइंटरमधून घ्यावी. मॅकओएसवर ॲरेचा प्रकार जीआयडी-टी नसून साधा इंटिजर आहे, त्याचा इशारा कंपायलर देतोच. ग्लिबसीच्या २.३.३ पूर्वीच्या आवृत्त्यांत हे फंक्शन दिलेली जागा संपली तरी लिहीतच राहत असे, हा आता इतिहास झाला. पण जुन्या कोडमध्ये अवाढव्य ॲरे का घेतलेले दिसतात याचा उलगडा त्याने होतो.

या फंक्शनची जी उणीव मला सर्वांत गंभीर वाटते, तिच्याविषयी फारच कमी लिहिले जाते. डिरेक्टरी सर्व्हर बंद असला, नेटवर्क तुटलेले असले, मधला डेमन कोसळलेला असला, तरी गेटग्रुपलिस्ट ते आपल्याला सांगत नाही. ज्या स्रोताने उत्तर दिले नाही त्याला ते वगळते, उरलेल्यांकडून जे मिळाले ते ॲरेत भरते आणि यश कळवते. ‘मीरा फक्त तिच्या प्रायमरी ग्रुपमध्ये आहे’ आणि ‘मीराच्या बाकीच्या ग्रुपांविषयी आत्ता काहीच कळू शकलेले नाही’ या दोन स्थितींमध्ये कॉल करणाऱ्याला काडीचाही फरक दिसत नाही. सदस्यत्वावरून परवानगी दिली जात असेल तर याचा परिणाम एवढाच होतो की पात्र माणसाला काही वेळ नकार मिळतो, आणि ते सहन करता येते. पण सदस्यत्वावरून परवानगी नाकारली जात असेल, तर अपुरी यादी म्हणजे उघडे दार.

ग्रुपवरून नकार देणे ही केवळ कल्पनेतली गोष्ट नाही. युनिक्सचा परवानगीचा नियम आधी मालक पाहतो, मग ग्रुप, मग इतर. आणि जो वर्ग आधी जुळला त्याचेच बिट लागू होतात, पुढचे पाहिलेच जात नाहीत. एखाद्या फाइलीचा मोड ०६०४ असेल तर ती सगळ्या जगाला वाचता येते, पण त्या फाइलीच्या ग्रुपमधल्यांना येत नाही. अशा व्यवस्थेत एखाद्या प्रोसेसला आपला ग्रुप टाकून देता आला, तर तिचे अधिकार कमी न होता वाढतात. लायनक्समध्ये युजर नेमस्पेस (प्रोसेसला यूजर-ग्रुपांच्या आकड्यांचे वेगळे जग देणारी सोय) आल्यावर नेमके हेच घडले. साधा युजर स्वतःची नेमस्पेस बनवून, तिच्या आत सेटग्रुप्स (प्रोसेसची ग्रुपांची यादी बदलणारा कॉल) वापरून, नको असलेला ग्रुप उतरवून ठेवू शकत होता. सीव्हीई-२०१४-८९८९ या क्रमांकाने नोंदलेली ही त्रुटी कर्नलच्या ३.१९ आवृत्तीत बंद झाली. तेव्हापासून प्रत्येक प्रोसेसच्या प्रॉक डिरेक्टरीत (कर्नल प्रोसेसची माहिती दाखवतो ती जागा) सेटग्रुप्स नावाची एक छोटी फाइल असते, आणि विशेषाधिकार नसलेल्याला जीआयडींची जुळणी लिहिण्याआधी तिच्यात ‘डिनाय’ हा शब्द लिहावा लागतो. कंटेनर बनवणाऱ्या कोडमध्ये ही ओळ पाहून ती कशासाठी आहे असा प्रश्न पडला असेल, तर कारण हे आहे.

आता कर्नलची बाजू. आपल्याच प्रोसेसचे ग्रुप गेटग्रुप्स या सिस्टिम कॉलने मिळतात. आकार शून्य दिला तर तो फक्त संख्या सांगतो. नेटवर्क नाही, फाइली नाहीत, ताटकळणे नाही. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची : प्रोसेसचा इफेक्टिव्ह (सध्या लागू असलेला) जीआयडी या यादीत असेलच असे पोझिक्स मानक सांगत नाही, तो असावा की नसावा हे त्याने मोकळे सोडले आहे. म्हणून ‘मी या ग्रुपमध्ये आहे का?’ हे तपासताना गेटईजीआयडीचे उत्तर वेगळे पाहावे आणि मग यादी पाहावी. लायनक्स कर्नल स्वतः याच क्रमाने जातो. आधी प्रोसेसचा एक जीआयडी ताडून पाहतो आणि मग आकड्यांच्या क्रमाने लावून ठेवलेल्या यादीत बायनरी सर्च करतो. यादी अशी आकड्यांच्या क्रमाने लावून ठेवण्याला कारण आहे. एका प्रोसेसला एकाच वेळी अनेक ग्रुप असण्याची सोय १९८३ च्या ४.२ बीएसडीने रुजवली. त्याआधी ग्रुप बदलायचा तर न्यूग्रुप ही आज्ञा चालवून एकातून दुसऱ्यात जावे लागे. लायनक्सची मर्यादा कर्नल २.६.३ पर्यंत ३२ ग्रुपांची होती, आणि २.६.४ पासून ती ६५,५३६ आहे. एवढी लांब यादी प्रत्येक फाइल उघडताना सरळ चाळत बसणे परवडले नसते.

डेमन लिहिणाऱ्याला या दोन्ही बाजू एकत्र आणाव्या लागतात, कारण रूट म्हणून सुरू होऊन नंतर दुसरा युजर बनणे हे त्याचे नेहमीचे काम. इनिटग्रुप्स हे फंक्शन नोंदी वाचून मिळालेली यादी थेट कर्नलला देते. म्हणजे गेटग्रुपलिस्ट आणि सेटग्रुप्स यांची ती जोडगोळीच आहे. क्रम मात्र अटळ आहे : आधी सप्लिमेंटरी ग्रुप, मग सेटजीआयडी, आणि सर्वांत शेवटी सेटयूआयडी. यूआयडी (युजरचा आकडा) आधी बदलला तर ग्रुप बदलण्याचा अधिकारच निघून जातो. आणि ग्रुप बदलायचे राहूनच गेले तर प्रोसेस नव्या युजरच्या नावाने वावरते, पण रूटच्या ग्रुपांचे अधिकार तिच्यापाशी तसेच राहतात. या तिन्ही कॉलांची परतीची मूल्ये तपासलीच पाहिजेत, आणि त्यांतला एकही अपयशी झाला तर पुढे न जाता प्रोसेस बंद करणे हाच एक पर्याय आहे.

अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅमात आणखी एक अडचण येते. फोर्क आणि एक्झेक यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात फक्त सिग्नलसुरक्षित फंक्शने चालतात. इनिटग्रुप्स त्यांत बसत नाही, कारण ते स्मृती मागते, लायब्ररी लोड करते, सॉकेट उघडते आणि लॉक घेते. फोर्कच्या क्षणी दुसऱ्या एखाद्या थ्रेडने तोच लॉक धरलेला असेल तर मुलगी-प्रोसेस कायमची अडकते. उपाय साधा आहे : गेटग्रुपलिस्ट पालकाने फोर्कपूर्वी चालवून यादी तयार ठेवावी, आणि मुलीने फक्त सेटग्रुप्स करावे. लायनक्सवर ग्रुपांची यादी खरे तर प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र असते, हेही इथे ध्यानात घ्यायला हवे. ग्लिबसीचे सेटग्रुप्स आतून सगळ्या थ्रेडांना सिग्नल पाठवून प्रत्येकाकडून तोच बदल करवून घेते, म्हणून पूर्ण प्रोसेस बदलल्यासारखी वाटते. सिस्टिम कॉल थेट केला तर एकटा कॉल करणारा थ्रेड बदलतो. गो भाषेत ही उणीव बराच काळ होती आणि १.१६ या आवृत्तीत ती दूर झाली.

दुसऱ्या प्रोसेसविषयी विचारायचे असेल तेव्हा दोन प्रश्नांमधली निवड सर्वांत जास्त चुकते. युनिक्स सॉकेटवर एक क्लायंट आला आहे आणि तो ‘संपादक’ ग्रुपचा असेल तरच त्याचे काम करायचे आहे असे समजू. एसओ-पीअरक्रेड या सॉकेट पर्यायातून त्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), यूआयडी आणि एक जीआयडी असे तीनच आकडे मिळतात, सप्लिमेंटरी ग्रुप मिळत नाहीत. मग पुष्कळ सर्व्हर यूआयडीवरून नाव शोधतात, नावावरून गेटग्रुपलिस्ट करतात आणि त्या उत्तरावर निर्णय देतात. हे नोंदींना विचारणे झाले. क्लायंटने स्वतःहून ग्रुप कमी करून घेतले असतील, तो मर्यादित अधिकारांच्या सेवेत चालत असेल, किंवा एकाच यूआयडीची दोन नावे असतील, तर हे उत्तर त्या क्लायंटचे नसते. प्रॉकमधल्या स्टेटस फाइलीत ‘ग्रुप्स’ या ओळीवर कुठल्याही प्रोसेसची खरी यादी वाचता येते, पण आपण वाचायला जाईपर्यंत ती प्रोसेस संपून तोच पीआयडी दुसऱ्या कुणाला मिळालेला असू शकतो. लायनक्स ४.१३ पासून एसओ-पीअरग्रुप्स हा पर्याय आहे, आणि मला तोच योग्य वाटतो : जोडणी झाली त्या क्षणी क्लायंटच्या प्रोसेसला जे सप्लिमेंटरी ग्रुप होते, त्यांचे आकडे कर्नलकडून थेट मिळतात, नोंदी चाळाव्या लागत नाहीत आणि पीआयडीवर विसंबावेही लागत नाही. बफर अपुरा असेल तर ईरेंज येते आणि लागणारी लांबी कळते. सर्व्हरला जुन्या कर्नलवर किंवा अन्य प्रणालींवरही चालायचे असेल तर नोंदींची वाट ठेवावीच लागते, पण ती नाइलाजाची म्हणून ठेवावी.

नोंदींकडे जाणे हाच योग्य उपाय ठरतो असे एक ठिकाणही आहे. एनएफएसच्या (नेटवर्कवरून फाइली पुरवणारी प्रणाली) जुन्या ऑथ-सिस पद्धतीत क्लायंट प्रत्येक विनंतीसोबत जास्तीत जास्त १६ सप्लिमेंटरी ग्रुप पाठवू शकतो. ही मर्यादा त्या विनंत्या वाहून नेणाऱ्या आरपीसीच्या संदेशाच्या रचनेतच आहे. कुणाला त्याहून जास्त ग्रुप असले तर उरलेले गळतात, आणि कर्नल यादी चढत्या क्रमाने ठेवत असल्यामुळे गळतात ते साधारणतः मोठ्या आकड्यांचे, म्हणजे बहुधा डिरेक्टरीतून आलेले. मग एखाद्याला एक नवा ग्रुप दिल्यावर त्याचा भलत्याच डिरेक्टरीतला प्रवेश बंद होतो, आणि दोन्ही मशीनवर ‘आयडी’ मात्र सगळे ग्रुप बिनचूक दाखवते. लायनक्सच्या सर्व्हरवर माउंटडी या एनएफएसच्या डेमनला ‘मॅनेज-जीआयडीज’ हा पर्याय दिला की सर्व्हर क्लायंटने पाठवलेल्या यादीकडे दुर्लक्ष करून यूआयडीवरून स्वतः ग्रुप शोधतो. याची किंमत अशी की क्लायंटच्या प्रोसेसने न्यूग्रुपसारख्या मार्गाने काही बदलले असेल तर ते सर्व्हरला कळत नाही.

नावे छापण्याविषयी थोडेसे. गेटग्रुपलिस्ट आकडे देते, आणि ते माणसाला दाखवायचे तर प्रत्येक आकड्यासाठी गेटजीआरजीआयडी करावे लागते. ते फंक्शन नुसते नाव आणत नाही, त्या ग्रुपचे सगळे सदस्यही आणते. काही हजार सदस्यांचे पाच-दहा ग्रुप असले की ‘आयडी’सारखी किरकोळ आज्ञा रेंगाळू लागते, आणि सर्व्हर मंद आहे असा समज होतो. एसएसएसडीत सदस्य न आणण्याचा पर्याय आहे, तो बहुतेकांनी चालू करावा. आपल्या प्रोग्रॅमने शेवटपर्यंत आकड्यांवरच काम करावे, आणि ज्या आकड्याला नाव नाही तो तसाच छापावा. नाव न सापडणे ही त्रुटी नव्हे.

शेवटी बिल्ड कशी केली आहे यावरही उत्तर बदलते, हे सांगणे भाग आहे. ग्लिबसीत नोंदींचे स्रोत चालत्या प्रोग्रॅमात लायब्ररी म्हणून लोड होतात. मसल ही सी लायब्ररी तशी सोय देत नाही. ती फाइली वाचते आणि फार तर एनएससीडी या नोंदींची उत्तरे साठवून ठेवणाऱ्या डेमनच्या सॉकेटला विचारते. गोचा प्रोग्रॅम सीगो (सी लायब्ररीशी जोडणारी सोय) बंद ठेवून बांधला तर त्यातले युजर पॅकेज फक्त पासवर्ड आणि ग्रुप या दोन फाइली वाचते. तोच सोर्स कोड, त्याच मशीनवर, दोन प्रकारे बांधून दोन वेगळ्या याद्या देऊ शकतो, आणि स्थिर बायनरी (सगळ्या लायब्ररी आतच जोडलेले तयार प्रोग्रॅम) हौसेने वापरणाऱ्या आजच्या काळात हे वारंवार घडते. अशा वेळी तपास करताना मी आधी ‘गेटएंट पासवर्ड’ला नाव देऊन खाते आणि प्रायमरी ग्रुप पाहतो, मग ‘गेटएंट इनिटग्रुप्स’ला तेच नाव देऊन ग्लिबसीच्या मते यादी काय आहे ते पाहतो, आणि त्यानंतर प्रत्यक्ष अडलेल्या प्रोसेसची प्रॉकमधली ‘ग्रुप्स’ची ओळ शेजारी ठेवतो. प्रायमरी ग्रुप वगळता दुसरी आणि तिसरी यादी जुळत नसेल तर प्रोसेस जुनी आहे किंवा तिचे ग्रुप मुद्दाम बदलले आहेत; त्या जुळत असूनही प्रोग्रॅम वेगळेच काही म्हणत असेल, तर ती बायनरी कोणत्या लायब्ररीशी जोडली आहे ते पाहायला घ्यावे.